नेहमीच्या वर्गातील प्रज्ञावान मुलांसाठी शाळेने नेमके काय करावे?

प्रश्न : वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी, सोलापूर

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरातील एका अनुदानित प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गाचा पट ४२ आहे. काही मुले अजून जोडाक्षरांपाशी अडखळतात, तर तीन-चार मुलांचे उत्तर मी फळ्यावर उदाहरण लिहीत असतानाच तयार असते. पायाभूत वाचन-गणिताचे निपुण भारत अभियान सुरू झाल्यापासून मागे राहिलेल्या मुलांसाठी सूचना, कृतिपुस्तिका आणि नोंदींचे तक्ते भरपूर मिळतात, आणि ते योग्यच आहे. परंतु पुढे गेलेल्या मुलांविषयी आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत कोणी चकार शब्द काढत नाही.

सध्या मी या मुलांना जास्तीची उदाहरणे देते किंवा इतरांच्या वह्या तपासायला सांगते. यांपैकी एक मुलगा अलीकडे गृहपाठ टाळू लागला आहे, आणि त्याच्या पालकांनी त्याला एक इयत्ता वर चढवण्याची मागणी केली आहे. हुशार मुलांची वेगळी तुकडी काढणे आम्हाला शक्य नाही आणि माझ्या मनालाही ते पटत नाही. त्याच वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, एकट्या शिक्षिकेला झेपेल असे काय करता येईल? अशी मुले ओळखायची कशी, यावरही कृपया लिहावे.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर

मॅडम, आपण प्रश्न मांडला हे फार बरे झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष कल असलेल्या आणि प्रतिभावान विद्यार्थ्यांबद्दल स्वतंत्र परिच्छेद आहेत. शिक्षकांनी अशा मुलांना वर्गातच पूरक समृद्धी साहित्य आणि मार्गदर्शन द्यावे, शाळा व शाळासंकुलांच्या (जवळच्या शाळांच्या समूहांच्या) पातळीवर विषयवार मंडळे चालवावीत, असे त्यात म्हटले आहे. मात्र धोरणातला परिच्छेद सोमवारी सकाळी पहिल्या तासाला उपयोगी पडत नाही, म्हणून व्यवहाराचे लिहितो.

जास्तीची उदाहरणे देणे आधी थांबवावे. वीस भागाकार अचूक करणाऱ्या मुलाला आणखी वीस भागाकार देणे ही त्याच्या दृष्टीने शिक्षाच असते, आणि मग लवकर काम संपवले की जास्त काम मिळते हे कळून ते मूल मुद्दाम हळू होते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी यावर एक साधा मार्ग मांडला आहे. घटक सुरू करण्यापूर्वीच त्या घटकाची छोटी चाचणी घ्यायची, मुलाला जे येते ते त्याच्यापुरते वगळायचे आणि वाचलेल्या वेळात त्याच विषयाचे खोल काम द्यायचे. आपण एरवी घटक संपल्यावर जी घटकचाचणी घेतो, तीच आठ-दहा प्रश्नांपुरती आटोपशीर करून आधी घेतली की झाले. चाचणी सर्व मुलांची घ्यावी. आपल्या अंदाजापलीकडचे एखादे नाव त्यात हमखास वर येते.

वगळलेल्या भागाची नोंद मात्र अवश्य ठेवावी. ‘भागाकाराचे स्वाध्याय दिले नाहीत, कारण पूर्वचाचणीत सर्व बरोबर’ अशी एक ओळ आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदवहीत असली, म्हणजे वही कोरी का, असे केंद्रप्रमुखांनी विचारल्यास उत्तर देता येते.

वह्या तपासण्याविषयी थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये. कधीतरी मित्राला समजावून सांगणे दोघांच्याही हिताचे असते. परंतु रोज तपासनीस म्हणून बसवले, तर त्या मुलाला स्वतःला शिकायला त्या तासात काहीच उरत नाही.

उत्तर २ : गणित शिक्षक, बार्शी

वरील सरांशी सहमत आहे, परंतु ‘खोल काम’ म्हणजे काय, हे शिक्षकाच्या हातात आयते असल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. माझ्या वर्गातील एक उदाहरण देतो.

हातच्याची वजाबाकी चालू असताना ज्यांना ती येते, त्यांना मी एक कार्ड देतो. तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. समजा ५३२ घेतली, तर ५३२ वजा २३५ म्हणजे २९७. पुढे ९७२ वजा २७९ म्हणजे ६९३. मग ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४. आणि शेवटी ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. यापुढे कितीही वेळा केले तरी ४९५ च येते. देवळालीत शिक्षक असलेले गणिती द. रा. कापरेकर यांनी चार अंकी संख्यांमध्ये शेवटी ६१७४ वर येऊन थांबण्याबाबत जे दाखवले, त्याचेच हे तीन अंकी रूप आहे.

यात सगळा वर्ग आणि ही मुले एकच कौशल्य वापरतात, त्यामुळे फळ्याकडे वळताना त्यांची नाळ तुटत नाही. खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे. प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ च का येतो? गेल्या वर्षी एका मुलीने कागदावर एकक, दशक, शतकाची घरे आखली आणि म्हणाली, ‘सर, दशकाच्या घरात वर-खाली तोच अंक आहे, पण वरच्यातला एक एककाने उसना नेला, म्हणून त्याला शतकाकडून दहा घ्यावे लागतात.’ चौथीच्या मुलीने दिलेली ही जवळजवळ पूर्ण सिद्धता आहे. वीस जादा वजाबाक्यांत हे वाक्य तिच्या तोंडून कधीच आले नसते.

अशी कार्डे एकट्याने तयार करण्याचा अट्टहास करू नये. केंद्रातील चार शिक्षकांनी घटक वाटून घेतले, तर वर्षभराचा साठा होतो. आणखी एक गोष्ट म्हणजे ही तीन-चार मुले एकाच बाकाच्या आसपास बसवावीत. समान वेगाचा सोबती मिळाला की शिक्षकाकडे वारंवार यावे लागत नाही आणि एकमेकांची चूक तीच काढतात.

उत्तर ३ : शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर

ओळखण्याच्या मुद्द्यावर लिहिते, कारण आमच्या भागात नेमके तिथेच घोडे अडते. आमच्याकडील बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते. मराठी वाचन सावकाश असल्यामुळे अशी मुले शाब्दिक उदाहरणांत मागे दिसतात आणि शिक्षकाच्या यादीत टापटीप अक्षराची, हात वर करणारी मुले जातात. माझ्या वर्गातील एका मुलाला मराठी उताऱ्यात जेमतेम गुण मिळत. तोच मुलगा आईला हजारामागे मिळणाऱ्या मजुरीवरून साडेसहाशे विड्यांचे पैसे तोंडी सांगतो, आणि त्यातून बाद झालेल्या विड्या वजा करायलाही विसरत नाही.

त्यामुळे पूर्वचाचणीत निदान दोन प्रश्न आकृतीचे किंवा आकृतिबंधाचे असावेत, आणि सूचना तोंडी, गरज पडल्यास घरच्या भाषेत द्याव्यात. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी किंवा नवोदयची प्रवेश परीक्षा यांवरून निवड करू नये, असेही मला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्या परीक्षांचा उपयोग नक्कीच आहे, परंतु ज्यांना शिकवणी परवडते त्यांचा सराव आणि मुलाची उपजत झेप यांतला फरक त्या गुणांत दिसत नाही. रेन्झुली यांच्या मांडणीतही सरासरीहून अधिक क्षमतेच्या जोडीला सर्जनशीलता आणि कामाला चिकटून राहण्याची वृत्ती धरलेली आहे. एखादे मूल मधल्या सुट्टीतही कोडे घेऊन बसले, तर ती खूण मला तरी गुणपत्रकापेक्षा जास्त बोलकी वाटते.

उत्तर ४ : एक पालक, जुळे सोलापूर

पालक म्हणून एवढेच सांगतो की मुलासमोर ‘हुशार गट’ असे नाव कृपया देऊ नये. आमच्या मुलीच्या शाळेत तसे झाले आणि ती चुकण्याच्या भीतीने अवघड कार्डे उचलेनाशी झाली. नाव काढून टाकून कोणत्याही मुलाने कोणतेही कार्ड घ्यावे अशी मोकळीक दिल्यावर हा प्रश्न सुटला.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढचा घटक अपूर्णांकांचा आहे, तेव्हा पूर्वचाचणी तिथूनच सुरू करते. इयत्ता वर चढवण्याबद्दल पालकांना काय सांगावे, हे मात्र अजून उरले आहे.

उत्तर १ चे लेखक पुन्हा

त्या मागणीला सरसकट नकार देऊ नये. नीट पारखून पुढे नेलेल्या मुलांचे त्याने सहसा नुकसान होत नाही, असा निष्कर्ष आयोवा विद्यापीठातून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात मांडला आहे. परंतु एखादे मूल गणितात सहावीचे आणि लेखनात चौथीचेच असू शकते, म्हणून आधी केवळ त्या विषयापुरते पुढे नेऊन पाहावे. आपले आणि पाचवीचे गणिताचे तास एकाच वेळी ठेवण्याची विनंती मुख्याध्यापकांना करावी, म्हणजे मुलगा तेवढ्या तासापुरता पाचवीत बसेल आणि उरलेला दिवस आपल्या मित्रांत राहील. दिवाळीनंतर दोन्ही वर्गशिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसून त्याच्या वह्या पाहाव्यात. मुलालाही त्या बैठकीला बोलवावे; त्याला तिथे कंटाळा येतो की नाही, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.