मदत हवी आहे: होमबिल्ट (स्वतः बांधलेल्या) विमानाला ब्रेक लाइन कोणती, ताठ नळी की लवचिक होज?

ओहायोत दोन सीटचं ॲल्युमिनियमचं टेलड्रॅगर (शेपटीखाली छोटं चाक असलेलं विमान) बांधतोय. अजून उडालेलं नाही, फक्त टॅक्सी केलीय, म्हणजे जमिनीवर चालवलंय. ब्रेक डिस्कचे, तेल विमानाच्या ब्रेकचं, लाल मिल-एच-५६०६. (गाडीचं ब्रेक तेल डॉट ३ नाही, सील बुना-एन रबराचे आहेत, त्यात फुगतील.)

आधी पेडलपासून कॅलिपरपर्यंत (डिस्कला चिमटा घेणारा भाग) नायलॉनची नळी होती. ती काढली. तापलेल्या डिस्कशेजारी प्लास्टिक आणि आत पेटणारं तेल, ही जोडी मला नकोच. मग पाव इंची ५०५२-ओ ॲल्युमिनियमची नळी घातली, भिंत ०.०३५ इंच, फ्लेअर (नळीचं नटात बसणारं पसरट तोंड) ३७ अंशाचा. गाडीचं ४५ अंशाचं टूल वापरलेलं नाही, हे आधीच सांगतो.

तरी डाव्या कॅलिपरच्या नटाखाली पांढरा कागद ठेवला की सकाळी त्यावर एक लाल ठिपका असतोच. फ्लेअर दोनदा नवा केला. दुसऱ्या खेपेला काढलेला तुकडा भिंगातून पाहिला, तर मानेवर केसाएवढी चीर. नट जास्त आवळला म्हणावं तर तसंही नाही, टॉर्क रेंच वापरलाय. कॅलिपर पिनांवर सरकतो आणि ताठ नळीला ते सोसत नाही, असा माझा संशय.

आता स्टीलच्या जाळीची टेफ्लॉन होज घ्यायचीय. पैशाची अडचण नाही, पण गिअर लेगच्या (चाकाच्या पायाच्या) फेअरिंगमध्ये, म्हणजे आवरणात, जागा जेमतेम बोटभर आहे.

लेगवर ॲल्युमिनियम ठेवून शेवटचा फूटभरच होज घालू, की पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून सगळीच होज टाकू? आणि सगळी होज टाकली तर पेडल मऊ लागतं का?