मदत हवी आहे : 'हेस' आडनावाचं मूळ गाव शोधायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. नवऱ्याचं आडनाव हेस. सासरची मंडळी नव्वदच्या दशकात कझाकस्तानातून जर्मनीत आली. पूर्वज व्होल्गाकाठचे जर्मन. १७६३ मध्ये रशियाच्या दुसऱ्या कॅथरीननं जाहीरनामा काढून परदेशी लोकांना जमिनी कसायला बोलावलं, तीस वर्षं करमाफी आणि सैन्यभरतीतून सूट देऊन. तेव्हाच्या लाटेत गेलेले. पुढे सोव्हिएत सरकारच्या ऑगस्ट १९४१ च्या हुकमानंतर सगळ्यांना गाडीत भरून पूर्वेकडे पाठवलं.

सासऱ्यांच्या सोव्हिएत जन्मदाखल्यावर मात्र आडनाव आहे 'गेस'. रशियनमध्ये आपल्यासारखा 'ह' नाही, त्यामुळे परक्या नावातल्या ह चा बहुतेकदा ग होतो. इथं आल्यावर सासऱ्यांनी पुन्हा 'हेस' करून घेतलं, चुलत सासऱ्यांनी कंटाळा केला. आता एकाच इमारतीत शेजारी-शेजारी टपालपेट्या : एकीवर हेस, दुसरीवर गेस. पोस्टमन अजून गोंधळतो.

घरात सासूबाई सांगतात, "आपण हेसनचे (हा जर्मनीतला एक प्रांत), म्हणून हेस." मला ते पटेना. पुण्यात कोणी कोणाला 'पुणेकर' म्हणून ओळखत नाही. ते नाव बहुधा पुणं सोडल्यावर पडतं. तसंच हेस हे नाव हेसनबाहेर पडणार. शिवाय त्या भागातली आडनावं १७६३ च्या खूप आधी पक्की झाली होती. म्हणजे व्होल्गाला जाण्यापूर्वी या घराण्याचं आणखी एक स्थलांतर झालं असणार, ज्याची कोणालाच आठवण नाही.

१७६६ मध्ये सेंट पीटर्सबर्गजवळच्या ओरानिएनबाउम बंदरात उतरलेल्या लोकांच्या, कुलबर्ग नावाच्या रशियन अधिकाऱ्यानं केलेल्या याद्यांत एक नोंद सापडली : शेतकरी, पंथ रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंटांमधला कॅल्विनचा पंथ), मुलूख इझेनबुर्ग. गावाचं नाव नाही! इझेनबुर्ग आजच्या हेसन राज्यात येतं खरं, पण तेव्हा ते ब्यूडिंगेनच्या आसपासचं वेगळं संस्थान होतं. म्हणजे शेजारच्या हेसन संस्थानातून दोन डोंगर ओलांडून आलेला माणूसही तिथं 'हेस' ठरला असेल. तसं असेल तर सासूबाईही बरोबर आणि मीही. (हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

तर प्रश्न :

इझेनबुर्गमधल्या रिफॉर्म्ड चर्चच्या १७६६ आधीच्या नोंदवह्या कोणी चाळल्या आहेत का? आर्किओनवर (जर्मन चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची वेबसाइट) पैसे भरून बघायच्या आहेत, पण सुरुवात कुठल्या गावापासून करू? आधी ब्यूडिंगेनच घेऊ का? रशियाला निघालेली बरीच जोडपी १७६६ मध्ये तिथंच लग्न लावून गेली होती, त्यामुळे लग्नाच्या नोंदीत नवऱ्यामुलाचं गाव मिळेल अशी आशा आहे.

आणि जुनी जर्मन क्युरेंट लिपी वाचणारं इथं कोणी आहे का? मोडी येते म्हणून मी फुशारकीनं एक पान उघडलं. तासाभरात 'योहान' एवढंच लागलं, आणि त्या पानावर योहान अकरा आहेत.