ॲन क्लुइड: तुमचे अनुभव, आठवणी लिहा

वेल्समध्ये राहिलेल्या, शिकलेल्या, नोकरी केलेल्या सगळ्यांना आमंत्रण. ॲनबाई १९८४ च्या पोटनिवडणुकीत कनन व्हॅलीतून निवडून आल्या, कोळशाच्या खोऱ्यांतून खासदार झालेल्या पहिल्या बाई, आणि १९९७ पर्यंत अख्ख्या वेल्समधून पार्लमेंटात बाई म्हणून त्या एकट्याच. २०२३ मध्ये गेल्या. भेटला असाल, कामात संबंध आला असेल, काहीही लिहा.

*

आमचे हे ॲबरडेअरजवळ जीपी होते, त्यामुळे १९९४ चा एप्रिल चांगला आठवतो. हिरवानची टॉवर खाण बंद करायचं ठरलं तशा ह्या बाई कामगारांबरोबर खाली उतरल्या आणि २७ तास वर आल्याच नाहीत, वय तेव्हा ५७! दवाखान्यात बीपी मोजून घेतानाही लोक विचारायचे, ॲन आली का वर? खाण बंद झालीच, पण कामगारांनी भरपाईतले प्रत्येकी ८००० पौंड घालून ती विकत घेतली, १९९५ ला सुरू केली आणि पार २००८ पर्यंत चालवली.

*

काकू, मी तेव्हा इथे नव्हते. मी कार्डिफला नर्स आहे. २०१२ ला ॲनबाईंचे पती हॉस्पिटलात वारले, शेवटी नीट काळजी घेतली नाही हे त्या जाहीर बोलल्या, बोलताना रडू आवरेना. मग इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांच्या तक्रारी कशा हाताळतात ते तपासायचं काम त्यांच्याकडे आलं तर अडीच हजारांवर पत्रं-ईमेल आले. तेव्हापासून रात्रपाळीला मी पाण्याचा ग्लास पेशंटच्या हाताला येतोय ना ते बघूनच पुढे जाते.

*

मी २००३ ला स्वॉन्झीला शिकत होतो, युद्धविरोधी मोर्च्यात होतो. त्यांनी इराक युद्धाला पाठिंबा दिला त्याचा राग अजून आहे. पण १९९१ ला कुर्दी निर्वासित डोंगरात थंडीने मरत होते तेव्हा ह्या तिथे जाऊन आलेल्या, सद्दामच्या छळाच्या हकिगती स्वतः ऐकलेल्या, म्हणजे मत मनापासूनचं होतं. तरी चुकल्याच.

*

त्याच २००३ ला त्यांच्याच विधेयकातून मुलींच्या सुंतेविरुद्धचा नवा कायदा झाला, ते कुणी लिहिलंच नाही! सुट्टीत मुलीला परदेशी नेऊन केलं तरी गुन्हा, आणि शिक्षा ५ वरून १४ वर्षं. मी लंडनला शाळांमधून आयांशी बोलायचं काम करते. एकीने माझ्यासमोरच सासूला फोन लावून सांगितलं, तिकिटं रद्द केलीत, इकडे चौदा वर्षं आत टाकतात.