गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक झालेली मांडी पुन्हा कशी भरून येईल?

केळी बागायतदार, यावल

नमस्कार. कबड्डी खेळताना माझ्या डाव्या गुडघ्याचे ए.सी.एल. लिगामेंट (सांधा स्थिर ठेवणारा आतला बंध) तुटले. सुमारे चार महिन्यांपूर्वी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली आणि मांडीच्या मागच्या स्नायूची शीर (कंडरा) घेऊन नवे लिगामेंट बसवण्यात आले. गुडघा आता पूर्ण सरळ होतो आणि वाकतोही, पण डावी मांडी उजवीपेक्षा जवळजवळ 3 सेंटीमीटरने बारीक आहे, जिना उतरताना पाय लटपटतो आणि केळीचा घड खांद्यावर घेऊन बांध चढण्याची हिंमत होत नाही. मी नियमितपणे शेक आणि करंट घेतो, घरी पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायाम करतो, तरीही मांडीत फरक दिसत नाही. कोणी तेलाने मालिश करायला सांगतो, कोणी प्रोटीनची पावडर सुचवतो. चैत्राला पाच महिने आहेत. आमच्या भागातून सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या पदयात्रेत सहभागी होण्याची माझी मनापासून इच्छा आहे. मांडीची ताकद आणि जाडी दोन्ही परत येण्यासाठी नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फिजिओथेरपिस्ट, जळगाव

दादा, प्रथम एक गोष्ट पाहा. संध्याकाळी गुडघ्यावर सूज येते का? गुडघ्यात पाणी किंवा सूज असेल तर सांध्याकडून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूंना, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, रोखून धरतात. रुग्ण कितीही जोर लावो, स्नायूचा काही भाग कामालाच लागत नाही. म्हणून सूज असल्यास बर्फाचा शेक, पाय उंच ठेवणे आणि चालणे थोडे कमी करणे, हेच मांडी भरण्याचे पहिले काम ठरते.

करंटविषयी बराच गैरसमज आहे. टेन्स आणि आय.एफ.टी. ही यंत्रे प्रामुख्याने वेदना कमी करण्यासाठी वापरतात. त्यांनी मुंग्या येतात, पण स्नायू वाढत नाही. स्नायूसाठीचे विद्युत उत्तेजन वेगळे असते. त्यात मांडीवर मोठे पॅड लावून स्नायू डोळ्यांना दिसेल इतका घट्ट आवळला जाईल एवढा प्रवाह देतात, आणि त्याच वेळी रुग्णाने स्वतःही पूर्ण जोर लावायचा असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत याचा चांगला उपयोग होतो. चार महिन्यांनंतर मात्र मुख्य भिस्त वजनाच्या व्यायामावरच ठेवावी लागते. मालिशने आराम वाटेल, पण मांडी भरणार नाही.

पाय सरळ उचलण्याचा व्यायाम सुरुवातीला योग्यच होता, पण तुमच्या पायाला आता तो सोपा झाला आहे, आणि सोप्या कामासाठी शरीर नवा स्नायू बांधत नाही. लेग प्रेस (जिमच्या यंत्रावर पायांनी वजन ढकलणे), खुर्चीवरून एका पायाच्या जोरावर उठणे, पायरीवरून सावकाश उतरणे आणि एक पाय मागे बाकावर ठेवून केलेली बैठक, यांपैकी दोन-तीन व्यायाम निवडा. 8 ते 12 वेळा करता येईल आणि शेवटच्या दोन-तीन वेळा खरोखर कष्ट पडतील, एवढे वजन घ्या. असे तीन ते चार सेट, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस विश्रांती देऊन करा. 12 वेळा सहज जमू लागले की वजन वाढवा. हे वाढवत जाणे सुटले की प्रगती थांबते, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. खुर्चीवर बसून वजनासह गुडघा सरळ करण्याचा व्यायाम क्वाड्रिसेप्ससाठी अतिशय उपयुक्त आहे, परंतु नव्या लिगामेंटवर ताण येऊ नये म्हणून तो प्रथम 90 ते 45 अंशांच्या टप्प्यातच आणि सर्जनच्या परवानगीने करावा. तुमची शीर मागच्या स्नायूतून घेतली असल्यामुळे मागची बाजूही दुबळी झालेली असणार. पाठीवर झोपून कंबर उचलण्यापासून तिचेही काम हळूहळू वाढवा.

जड वजन सहन होत नसेल तर रक्तप्रवाह मर्यादित करून व्यायाम करण्याची एक पद्धत आहे. मांडीच्या वरच्या भागावर दाब मोजता येणारा पट्टा बांधून, एरवी एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या फक्त 20 ते 30 टक्के वजनावर 30, 15, 15 आणि 15 अशा आवृत्त्या करतात. इतक्या हलक्या वजनावरही स्नायू वाढतो. मात्र हा प्रकार प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावा. पायात रक्ताची गुठळी झालेली असल्यास तो करू नये, आणि घरी दोरी किंवा सायकलची ट्यूब बांधून तर मुळीच करू नये.

तालमीतला, धुळे

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तालमीतल्या अनुभवातून थोडी भर घालतो. आपल्याकडे पाय बारीक दिसला की शेकडो बैठका मारायला सांगतात. बैठकांनी दम वाढतो, पण ज्याला शंभर बैठका सहज जमतात त्याच्या मांडीवर आणखी शंभरांनी फारसा फरक पडत नाही. शिवाय टाचा उचलून झटक्यात खाली बसण्याची देशी बैठक शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने इतक्या लवकर करू नये. गावात जिम नसेल तर पाठपिशवीत वाळू किंवा गहू भरा, पिशवी छातीशी धरा, टाचा जमिनीवर टेकवा आणि तीन आकडे मोजत खाली बसा. पिशवीचे वजन दर वेळी वहीत लिहून ठेवा.

शिक्षिका, अमळनेर

खाण्याचाही विचार व्हावा. स्नायू वाढवायचा असल्यास रोज शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 96 ग्रॅम. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. आपली कळण्याची भाकरी या बाबतीत उत्तम, कारण ज्वारीत प्रथिनांतला जो लायसिन नावाचा घटक कमी पडतो तो उडदातून मिळतो. तिच्या जोडीला घट्ट डाळ, दही, शेंगदाणे, सोयाबीन आणि चालत असतील तर अंडी घ्यावीत. एवढ्याने भागले तर पावडरची गरज नाही.

माझाही एक प्रश्न आहे. माझ्या सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे झिजले आहेत आणि मांड्या अगदी सैल पडल्या आहेत. या वयात हे व्यायाम करावेत का?

फिजिओथेरपिस्ट, जळगाव

ताई, अवश्य करावेत. 1990 साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपास वय असलेल्या वृद्धाश्रमातील माणसांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले गेले, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी आणि मांडीतील स्नायूचे क्षेत्रफळ सुमारे 9 टक्क्यांनी वाढले. सासूबाईंनी उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्यापासून सुरुवात करावी. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि जोर लावताना श्वास रोखू नये. व्यायामानंतर थोडे दुखले तरी दुसऱ्या सकाळपर्यंत दुखणे पूर्ववत झाले आणि सूज आली नाही, तर व्यायामाचे प्रमाण योग्य आहे असे समजावे.

यावलच्या दादांसाठी आणखी थोडे. मांडी मोजताना गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून 15 सेंटीमीटरवर खूण करून, पाय सैल ठेवून, दर महिन्याला त्याच जागी मोजा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. जाडीतला फरक टेपवर दिसायला दोन-तीन महिने लागू शकतात, त्यामुळे घाईने निराश होऊ नका. पदयात्रेला सर्जनची संमती घ्या. रोजचे अंतर आतापासून थोडे थोडे वाढवा, आणि उतरण्याचा सराव अधिक करा, कारण गडाच्या पायऱ्या उतरताना शरीराचा भार पेलण्याचे काम मुख्यतः क्वाड्रिसेप्सच करतात. कबड्डीचा निर्णय मात्र वेगळा ठेवा. शस्त्रक्रियेला किमान 9 महिने पूर्ण झाल्यावर, यंत्रावर मोजलेली डाव्या पायाची ताकद उजव्याच्या निदान 90 टक्के भरली आणि एका पायावर उडी मारण्याच्या चाचण्या व्यवस्थित पार पडल्या, तरच सर्जनशी बोलून मैदानात उतरा.