मदत हवी आहे: नजर अधू झालेल्या बाबांसाठी ब्रिटिश रेडिओवर काय लावू?

नमस्कार मंडळी.

मी लीड्सला राहते. माझे बाबा साताऱ्याहून आमच्याकडे आले आहेत, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. वय 76. दोन्ही डोळ्यांना मॅक्युलर डीजनरेशन आहे. कडेचं दिसतं, त्यामुळे घरात न अडखळता वावरतात, स्वतःचा चहा स्वतः करतात. पण नजर जिथे रोखावी नेमकं तिथलंच पुसट झालंय. वाचन पूर्ण थांबलं. टीव्हीवर माणसांचे चेहरे कळत नाहीत, म्हणून त्याच्यासमोर बसतच नाहीत.

बाबा कृषी खात्यात होते आणि जन्मभर रेडिओ ऐकत आले. सकाळी आकाशवाणी, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम, रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी हिंदी. 2020 च्या जानेवारीअखेर ती शॉर्टवेव्ह सेवा बंद झाली तेव्हा घरातलं कुणीतरी गेल्यासारखे गप्प झाले होते. इंग्रजी त्यांना चांगलं येतं, नोकरीत अहवाल इंग्रजीतच लिहायचे. मात्र इथली माणसं बोलायला लागली की निम्मं सुटतं म्हणतात.

आम्ही दोघंही कामावर, मुलगा शाळेत. दिवसभर ते एकटे असतात. मी फोनवर कीर्तनं लावून दिली, मराठी ऑडिओबुकं लावून दिली. ऐकतात, नाही असं नाही. पण एक संपलं की दुसरं शोधायचं कसं? स्क्रीन दिसत नाही, आणि दर वेळी मला कामावर फोन करायला त्यांना संकोच वाटतो. परवा म्हणाले, "पोरी, मला वेळेवर लागणारं काहीतरी दे. अमुक वाजले की अमुक. म्हणजे दिवस कळतो."

मला तेच हवंय. इथल्या रेडिओचं मला स्वतःला फार माहीत नाही, गाडीत लागतो तेवढाच. तुमच्यापैकी जे नियमित ऐकतात त्यांनी सांगा: त्यांना समजेल आणि आवडेल असं कुठल्या वेळी काय असतं? सेट कोणता घ्यावा? रेडिओसाठी वेगळं लायसन्स लागतं का? आणि ते परत गेल्यावर साताऱ्यात हेच कार्यक्रम ऐकता येतील का? इथे सवय लावायची आणि तिकडे ती तुटायची, असं मला नको आहे.

लेस्टरकर

ताई, बाबा कृषी खात्यातले म्हणताय, तर अर्धं काम झालंच. बीबीसीचं रेडिओ फोर हे स्टेशन लावा.

पहाटे पावणेसहाला 'फार्मिंग टुडे' लागतो. पंधरा मिनिटांच्या आत संपतो. दुधाचा भाव, मेंढ्यांची वीण, गुरांचा क्षयरोग, पावसाने अडलेली कापणी, सरकारी अनुदानाची भांडणं. सातारा जिल्ह्यात ज्याने शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकल्यात त्याला यातलं काहीही परकं वाटणार नाही. बाबा पहाटे उठत असतील तर दिवसाची सुरुवात यानेच करा. शनिवारी मात्र तो साडेसहाला, आठवड्याचा आढावा म्हणून असतो.

दुसरा 'द आर्चर्स'. ही श्रुतिका 1 जानेवारी 1951 पासून देशभर चालू आहे आणि अजून थांबलेली नाही. अँब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्यातली शेतकरी कुटुंबं, त्यांची दुभती जनावरं, जमिनीच्या वाटण्या, गावच्या पबमधल्या गप्पा. ती सुरू का झाली हे बाबांना जरूर सांगा. युद्ध संपलं होतं, रेशनिंग चालू होतं, शेतकऱ्याने जास्त पिकवावं अशी निकड होती. नुसती व्याख्यानं देऊन कोण ऐकणार? म्हणून गॉडफ्री बेझली या निर्मात्याने शेती मंत्रालयाच्या सल्ल्याने गोष्टीत सल्ला गुंफला. आपल्याकडे आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमांतून गप्पा मारत मारत बी-बियाण्याची माहिती द्यायचे, त्याच जातीचं काम. 1972 नंतर ती शिकवण्याची जबाबदारी औपचारिकपणे उरली नाही, पण शेतीचे तपशील चोख असावेत यासाठी आजही जाणकार माणूस असतो. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा आधी ठरलेले प्रसंग बदलून ती साथ घाईघाईने कथेत आणली होती.

भाग तेरा मिनिटांचा. रविवार ते शुक्रवार संध्याकाळी सातला लागतो, आणि तोच भाग नंतर दुपारी दोनला पुन्हा. ही दुपारची वेळ मोलाची आहे. रात्री तुम्ही सोबत बसून ऐका, कोण कुणाचा भाऊ ते सांगा, दुपारी ते एकटे पुन्हा ऐकतील. पात्रं पुष्कळ आहेत आणि बोली ग्रामीण, त्यामुळे पहिले काही दिवस गोंधळ होईल. म्हणून सोडून देऊ नका. मी 1980 च्या दशकात इथे आलो तेव्हा घरमालकीणबाई इस्त्री करताना आर्चर्स ऐकायच्या. माझं कानाचं इंग्रजी तिथे तयार झालं, कॉलेजात नाही.

तिसरा, 'गार्डनर्स क्वेश्चन टाइम'. शुक्रवारी दुपारी तीनला, आणि रविवारी दोनला पुन्हा. 1947 पासून चालू आहे. तज्ज्ञ गावोगावच्या सभागृहांत जातात आणि लोक आपल्या बागेतली दुखणी विचारतात. टोमॅटोची पानं का वळतात, सफरचंदाला बहर का नाही. बाबांना उत्तरं आधीच सुचतील.

ग्लासगोकरीण

मी इथल्या एका रुग्णालयाच्या नेत्रविभागात काम करते, म्हणून सेटबद्दल सांगते.

टचस्क्रीनवाला सेट अजिबात घेऊ नका. आवाजाला फिरवायचं गोल बटण आणि स्टेशन साठवायला वेगवेगळी उठावदार बटणं असलेला साधा डॅब (म्हणजे डिजिटल रेडिओ) आणि एफएम सेट घ्या. पहिल्या बटणावर रेडिओ फोर, दुसऱ्यावर बीबीसीची वर्ल्ड सर्व्हिस. या दोन बटणांवर रबराचे उंच ठिपके चिकटवा. अंधांसाठी काम करणाऱ्या आरएनआयबी या संस्थेकडे असे ठिपके मिळतात. बोटाला ते लागले की डोळ्यांचं काम उरत नाही. सेट कायम एकाच जागी ठेवा. घरात सफाई करताना कुणी तो हलवला की त्यांचा सगळा अंदाज चुकतो.

ब्रिटिश वायरलेस फॉर द ब्लाइंड फंड ही जुनी संस्था गरजू दृष्टिहीनांना रेडिओ वापरायला देते. पण ती मदत इथे नोंदणी झालेल्या रहिवाशांसाठी आहे, बाबा पाहुणे आहेत, त्यामुळे विकतच घ्यावा लागेल.

लायसन्सची काळजी नको. नुसत्या रेडिओचं लायसन्स 1971 मध्येच बंद झालं.

आणि 'इन टच' ऐकवा, मंगळवारी रात्री रेडिओ फोरवरच असतो. 1961 पासून चालणारा हा कार्यक्रम खास अंध आणि अधू दृष्टीच्या श्रोत्यांसाठी आहे. पीटर व्हाइट 1974 पासून तो सांभाळत आले आहेत आणि ते स्वतः जन्मापासून अंध आहेत. त्यात कीव करणारा सूर नसतो. पांढरी काठी, बस, बँकेचं यंत्र, नोकरी, अशा रोजच्या अडचणींवर थेट बोलणं असतं. नजर उतारवयात जाते तेव्हा माणसाला आपण एकटेच असं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आजोबांना या कार्यक्रमाने आधार दिलाय.

धागाकर्ती

लेस्टरकर काका, ग्लासगोकरीणताई, खूप खूप आभार. सेट आणला, ठिपके लावले.

फार्मिंग टुडे त्यांना पहिल्या दिवशीच आवडला. न्याहारीच्या वेळी मला दुधाच्या भावाबद्दल सांगत होते, इथल्या शेतकऱ्याला उत्पादनखर्च सुटतो का हे विचारत होते. कितीतरी महिन्यांनी त्यांनी आपणहून विषय काढला.

आर्चर्स अजून जड जातंय. सकाळी सहा ते नऊचा 'टुडे' हा बातम्यांचा कार्यक्रमही. मुलाखत घेणारा आणि देणारा एकाच वेळी बोलतात, त्यात ते हरवतात. एकच माणूस सावकाश बोलतोय असं काही आहे का? आणि रात्री त्यांची झोप उडते, तेव्हा काय लावावं?

परतलेला पुणेकर

बरीच वर्षं ब्रिटनमध्ये काढून आता पुण्यात आहे. एकाच आवाजात हवं असेल तर 'फ्रॉम अवर ओन करस्पॉन्डंट'. 1955 पासूनचा कार्यक्रम. देशोदेशीचे वार्ताहर आपण लिहिलेलं टिपण स्वतः वाचतात, प्रत्येकी काही मिनिटं. लिहून वाचलेलं असल्यामुळे वाक्यं पूर्ण असतात, कुणी कुणाला तोडत नाही. वर्तमानपत्रातला चांगला लेख कानाने वाचावा तसं. वाचन गेलेल्या माणसाला हे फार जवळचं वाटेल. रात्री पावणेअकराला 'बुक अ‍ॅट बेडटाइम' असतं, पंधरा मिनिटं पुस्तकवाचन. 'इन अवर टाइम' मात्र थोडं थांबून. मेल्विन ब्रॅग यांनी 1998 ते 2025 चालवलेला हा इतिहास-विज्ञानाच्या चर्चेचा कार्यक्रम मला सगळ्यांत प्रिय, पण तीन प्राध्यापक एकापाठोपाठ बोलतात.

रात्रीचं म्हणाल तर 12 वाजून 48 मिनिटांनी शिपिंग फोरकास्ट, खलाशांसाठी समुद्राचं हवामान. ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे 31 विभाग पाडलेत. त्यांची नावं ठरलेल्या क्रमाने येतात: व्हायकिंग, नॉर्थ उत्सिरा, साउथ उत्सिरा, फोर्टीज... प्रत्येकासाठी वारा, लाटा, पाऊस, किती लांबचं दिसेल ते. शब्दही ठरलेले आणि निवेदक अगदी संथ वाचतो, कारण कुणीतरी बोटीवर ते उतरवून घेत असेल. हवामानाचे आकडे वाचण्यात ज्यांची नोकरीची वर्षं गेली त्यांना यात गोडी वाटेलच. त्यानंतर रात्री एकला रेडिओ फोरच्या जागी पहाटेपर्यंत वर्ल्ड सर्व्हिस लागते, बटण दाबायलाही नको.

तासाच्या ठोक्याला वेळ सांगणारे सहा पिप (बारीक सूर) वाजतात, शेवटचा लांब. 1924 पासून चालत आलेत. बाबा आकाशवाणीवर घड्याळ लावणाऱ्या पिढीतले असतील तर सेट एफएमवर ठेवा. रेडिओ फोर 92 ते 95 च्या दरम्यान सापडेल. डॅबवर आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे तिथले पिप अचूक वेळ देत नाहीत.

एक गोष्ट त्यांना नक्की सांगा. रेडिओ फोर 1967 मध्ये सुरू झालं. त्याआधी त्या जागी बीबीसीची होम सर्व्हिस होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे वेणू चितळे या मराठी बाईंनी इंग्रजी बातम्या वाचल्या आहेत.

लेस्टरकर

ताई, क्रिकेट राहिलं की! बाबांना क्रिकेटचं इंग्रजी शिकवावं लागणार नाही. कसोटी असेल तेव्हा 'टेस्ट मॅच स्पेशल', 1957 पासून चेंडूगणिक समालोचन. कसोटी नसेल तेव्हा कौंटी सामने. अठराही कौंटींच्या चॅम्पियनशिप सामन्यांचं समालोचन बीबीसीच्या संकेतस्थळावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं. तुम्ही हेडिंग्ली मैदानाच्या गावात राहता. यॉर्कशायरचा सामना लावून द्या आणि निर्धास्त कामावर जा. चार दिवस सोबत आहे. आणि एक दिवस त्यांना कानात रेडिओ घालून मैदानावर न्या. समोरचा चेंडू दिसला नाही तरी बॅटचा आवाज आणि कानातलं वर्णन एकत्र येईल.

परतलेला पुणेकर

साताऱ्यात ऐकण्याबद्दल तुम्ही विचारलं होतं ते राहिलं. बीबीसी साउंड्स हे अ‍ॅप जुलै 2025 पासून ब्रिटनबाहेर बंद आहे, त्याच्या नादी लागू नका. रेडिओ फोर आणि वर्ल्ड सर्व्हिस बीबीसी डॉट कॉमवर आणि बीबीसीच्या अ‍ॅपवर भारतातून थेट ऐकता येतात. क्रिकेट समालोचन हक्कांमुळे मिळेलच असं धरू नका.

वेळेचा हिशोब: ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ असते तेव्हा साडेचार तास मिळवा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. म्हणजे हिवाळ्यात फार्मिंग टुडे साताऱ्यात सव्वाअकराला येईल. आर्चर्सचा ताजा भाग रात्री साडेबाराला, तो त्यांना झेपणार नाही. पण दुपारी दोनचं पुनःप्रसारण संध्याकाळी साडेसातला पडतं, जेवणाआधी. तीच वेळ धरा. गार्डनर्स क्वेश्चन टाइम शुक्रवारी रात्री साडेआठला.

धागाकर्ती

काल संध्याकाळी कापडाने भांडी पुसत असताना आर्चर्स लागलं. बाबा मला म्हणाले, "ह्याने आधी मातीची तपासणी करायला हवी होती." म्हणजे आता कळतंय!

वेळापत्रक मी मोठ्याने वाचून त्यांच्याकडून पाठ करून घेतलंय, उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचंही. क्रिकेटला ऑगस्टमध्ये नेणार आहोत.

आता एकच अडचण उरली. साताऱ्यात आई आहे, पण तिलाही फोनवर अ‍ॅप उघडून देणं जमत नाही. बटण दाबलं की थेट रेडिओ फोर लागेल असा वाय-फायवर चालणारा सेट तिकडे कुणी वापरतंय का? लाइट जाऊन आली की तो आपोआप पुन्हा जोडला जातो का, की दर वेळी पासवर्ड घालावा लागतो? इथून घेऊन पाठवावा की तिकडेच घ्यावा? प्रत्यक्ष वापरणाऱ्याने सांगितलं तर फार बरं होईल.