गोव्यात सापाच्या प्लास्टिक डब्याखाली हीट मॅट हवीच कशाला?

फोंडेकार
बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक असा परदेशी पाळीव साप घरी आला की पहिल्याच आठवड्यात हीट मॅट (डब्याखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई) मागवायची, अशी पद्धतच पडली आहे. कारण व्हिडिओत तसं दाखवतात. ते व्हिडिओ इंग्लंड-अमेरिकेतले, जिथे थंडीत माणसालाही घर तापवावं लागतं. आपल्याकडे पणजीत जानेवारीतसुद्धा रात्री पारा २० च्या आसपास असतो आणि मे महिन्यात दुपारी ३३ च्या वर जातो. झाकणाच्या डब्यात, चार भोकं पाडलेली, त्यात खालून आणखी ऊब? बॉल पायथन मूळचा घाना, टोगो, बेनिनकडचा, उंदरांच्या बिळांत नि वारुळांत राहणारा. कॉर्न स्नेक तर अमेरिकेच्या आग्नेय भागातला, तिथली थंडी तो दडून काढतो. माझं मत: गोव्यात पाळीव सापाला थंडीपेक्षा उकाडा जास्त मारतो. मॅटचे पैसे थर्मामीटरवर घाला.

वाळपईची
फोंडेकारबाब, पणजी म्हणजे गोवा नव्हे. डिसेंबरात डोंगराकडच्या सत्तरी तालुक्यात या, चिऱ्यांच्या घरात लादीवर पाय ठेवून बघा. बॉल पायथनला डब्याच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२७ लागतं. पोटात उंदीर असताना रात्रभर २० अंशांत पडून राहिला तर पचन मंदावतं आणि गिळलेलं ओकून टाकतो. बिळाचं म्हणाल, तर जमिनीखाली तापमान फारसं हलत नाही आणि पटलं नाही तर साप दुसरीकडे जातो. डब्यात तो जाणार कुठे?

फोंडेकार
बॉल पायथनला डिसेंबर-जानेवारीत लागेल, एवढं धरू. कॉर्नला उबेच्या टोकाला २९-३० पुरतं, थंड टोक २३ असलं तरी त्याचं बरं चालतं. पण लोक मॅट लावतात ती बारा महिने. आणि थर्मोस्टॅटविना, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राविना. 'सात वॅटची तर आहे, काय होणार?' म्हणे.

मये_तळे
मॅटपेक्षा वरून सिरॅमिक बल्ब (उजेड न देता नुसती ऊब देणारा) लावा ना. मॅट हवा तापवत नाही, नुसता तळ तापवते. ऊन वरूनच येतं.

वायरमन_म्हापसा
मयेबाब, प्लास्टिकच्या डब्यात सिरॅमिक नकोच. त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो आणि पीव्हीसी ८० च्या आसपास मऊ पडायला लागतं. झाकण आधी वाकेल, मग वितळेल. आत घेतला तर साप त्याला वेटोळं घालील ते वेगळंच. पीव्हीसीचा मोठा, उंच पिंजरा असेल तर छताला चपटा रेडियंट पॅनेल (खाली ऊब सोडणारा तक्ता) बसतो, तोही थर्मोस्टॅटवरच.

आता सात वॅटचं. वॅट कमी म्हणजे तापमान कमी, असं नसतं. उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर पारा चढतच राहतो. मॅट लाकडी फळीवर ठेवली, वर डबा घट्ट टेकवला, आत नारळाच्या सोडणाच्या भुशाचा जाड थर दिला, की तळाला ४५-५० अंश सहज होतात. वरून हात लावला तर भुसा कोमटच लागणार. साप मात्र भुसा उकरून तळाला जाऊन बसतो आणि पोट भाजत असलं तरी पुष्कळदा तिथून हलत नाही. म्हणून डब्याच्या चार कोपऱ्यांना रबरी बुचं लावून खाली हवा खेळू द्या, मॅट तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच ठेवा, भुसा पातळ ठेवा.

थर्मोस्टॅटच्या प्रोबवरून (तापमान मोजणारं वायरीचं टोक) सगळीकडे वाद होतात. आत ठेवला तर साप ढकलतो किंवा त्यावर मुततो. प्रोबला गार लागलं की थर्मोस्टॅट मॅट चालूच ठेवतो. मी तो बाहेर, मॅट आणि डबा यांच्या मधोमध चिकटवून बसवायला सांगतो. तिथलं तापमान आतल्यापेक्षा थोडं जास्त असतं, म्हणून आत तळाला वेगळा थर्मामीटर ठेवून ३२ येईल असं सेटिंग जुळवायचं. थर्मोस्टॅटच्या आतला स्विच (रिले) चिकटला तर मॅट बंदच होत नाही, तेव्हा तो आतला आकडा रोज बघायचा. आणि मॅटची लाईन ३० मिलिअँपच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). पावसाळ्यात आपल्या भिंतींना ओल येते, पाणी सांडतं, डब्याशेजारी पाण्याचं भांडं असतं. त्यात कसूर नको.

फोंडेकार
एवढं सगळं करायचं असेल तर माझंच म्हणणं खरं ठरलं. नवख्याने मॅट लावू नये.

वाळपईची
उलट आहे बाब. नवख्याने थर्मोस्टॅटशिवाय लावू नये. मे महिन्यात दुपारी थर्मोस्टॅट मॅट आपोआप बंदच ठेवील, तुम्हाला प्लग काढायचीही गरज नाही.

फोंडेकार
बंद ठेवील, गार करणार नाही. पश्चिमेच्या खिडकीखाली डबा असेल तर थर्मोस्टॅट बिचारा काय करणार? आत ३५ च्या वर गेलं की साप तोंड उघडून धापा टाकतो, तिथे मॅटचा प्रश्नच उरत नाही. माझा सगळा राग त्यावर आहे, की सामान घेताना डबा ठेवायचा कुठे हे कोणी विचारत नाही.

वायरमन_म्हापसा
हे मात्र शंभर टक्के. आणि जून ते सप्टेंबर दमटपणा. हवाच ८५-९० टक्के, त्यात ओला भुसा आणि खालून ऊब, मग पोटाचे खवले सडायला लागतात. पावसात भोकं वाढवा, भुसा कोरडा ठेवा.

साखळी_बाजार
मुळात हे पाळणं चालतं का? आमच्या कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) रोज जनावर, म्हणजे साप, दिसतं, डब्यात घालून ठेवू?

वाळपईची
नाही हो! नाग, धामण, अजगर, आपले कुठलेच साप पाळता येत नाहीत, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. बॉल पायथन परदेशी, साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, त्याची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही. कागद नसलेला बॉल पायथन स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका.

साखळी_बाजार
मग कुळागरातलं तिथेच बरं.

मये_तळे
बल्बचं पटलं. पण वायरमनबाब, आमच्याकडे एसी खोली आहे, मुलं २४ वर ठेवतात. मे महिन्यातही डबा त्याच खोलीत असतो. आणि दुपारी लाईट गेली की एसी बंद, दारं बंद. मग?

वायरमन_म्हापसा
एसीच्या खोलीत मॅट बारा महिने लागेल, फोंडेकारांचा हिशेब तिथे चालत नाही. लाईट गेल्यावर मात्र त्या बंद खोलीत डबा ठेवू नका, वारा असलेल्या जागी सावलीत हलवा. इन्व्हर्टरवर मॅट टाकायचीच तर फक्त थंडीत, वॅट कमी असल्यामुळे बॅटरी रात्र काढते.

फोंडेकार
त्यापेक्षा डबाच एसीच्या खोलीतून काढा की. मुलांना २४, सापाला मॅट, वीज खात्याला बिल!