मदत हवी आहे: रात्रीची मीटिंग अन् उडालेली झोप

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या गावातून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. टीम पुणे, मनिला, बोस्टन अशी विखुरलेली. बोस्टनची दुपारी १२ ची मीटिंग आपल्याकडे रात्री साडेनऊला. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहाला. (मनिलावाल्यांची तर मध्यरात्रच!) त्यात लाइन गेली की लॅपटॉप घेऊन गच्चीवर, मोबाइलची रेंज शोधत. घरच्यांना वाटतं पोरगा दिवसभर रिकामाच, म्हणून बँक, खत सगळं माझ्याच गळ्यात. झोप उडाली, चिडचिड वाढली. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोललो, बरं वाटलं. पण मीटिंगची वेळ ते थोडीच बदलणार? मीटिंग आळीपाळीने ठेवा असं मॅनेजरला कसं सांगावं, की कामचुकार वाटणार नाही? कोणी असा मेल टाकला असेल, तर काय लिहिलं तेवढं सांगा भाऊ.